मद्रासच्या तळ्यांतील वीण

रेशमी साड्यांच्या आणि सोन्याच्या खरेदीसाठी ज्या त्यागराय नगराकडे आज सारा तामिळ देश लोटतो, तेथील भूमी शंभर वर्षांपूर्वी भूमी नव्हतीच. मैलापूरपासून नुंगमबाक्कमपर्यंत वळत गेलेला एक विस्तीर्ण तलाव तेथे होता. इंग्रजी दप्तरात त्याला ‘लाँग टँक’ असे सरळसोट नाव होते. आणि १९२३ च्या सुमारास त्याचे पाणी काढून, तळ भरून घेऊन, रस्ते आखून जी वसाहत वसविण्यात आली, तिला जस्टिस पक्षाचे अध्वर्यू पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव देण्यात आले. नगरविस्ताराचा हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. अशा तलावांच्या तळाशी राहणाऱ्या, मिशाळ व बिनखवल्यांच्या, मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेणाऱ्या आणि पुन्हा चिखलात दिसेनाशा होणाऱ्या माशांच्या वंशविस्ताराचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. हिंदुस्थानातील मत्स्यविद्येच्या पहिल्या सरकारी दप्तरांपैकी एक ज्या शहरात उघडले गेले, त्याच शहरात हे प्रकरण इतकी वर्षे कोरे राहावे, याची कारणे शोधण्याजोगी आहेत.

हे मासे मराठी वाचकाला परके नाहीत. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर जाळे टाकणारा ढिवर ज्यांना मागूर, शिंगी आणि शिवडा म्हणतो, त्यांचेच हे भाईबंद होत. तामिळ कोळी शिंगीला तेळी आणि शिवड्याला वाळै म्हणतो, आणि मिशा असलेल्या बहुतेक लहान माशांना केळुत्ति या एकाच नावाखाली घालतो. फरक आहे तो पंचांगाचा. कोकणातले ओहोळ ज्या जून महिन्यात दुथडी भरून वाहू लागतात, त्याच महिन्यात मद्रासलगतच्या चेंगलपट्टू जिल्ह्यातील तळ्यांचे तळ उन्हाने तडकलेले असतात. मद्रासला वर्षाकाठी जो सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो त्याचा मोठा हिस्सा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. मधल्या कोरड्या काळात मागूर आणि शिंगी जगतात ती हवेवर. मागुराच्या कल्ल्यांच्या वर झाडोऱ्यासारखे फाटे फुटलेले एक इंद्रिय असते, आणि शिंगीच्या कल्ल्यांपासून पाठीच्या स्नायूंत शेपटीच्या दिशेने दूरवर गेलेल्या दोन लांब पिशव्या असतात. त्यांच्या बळावर हे मासे ओल्या गाळात आठवडेच्या आठवडे तग धरतात. उन्हाळ्यात ‘कुडिमरामत’ म्हणून गावकऱ्यांनी आपल्या तळ्याचा गाळ काढावा व बांध दुरुस्त करावा अशी जी जुनी रीत त्या प्रांतात होती, आणि जी १८५८ च्या मद्रास कायद्याने सक्तीचीही करण्यात आली, त्या कामात कुदळीबरोबर जिवंत मासा वर येणे ही आश्चर्याची गोष्ट मानली जात नसे.

विणीचे यंत्र या कोरड्या काळातच चालू होते. दिवस लांबू लागले आणि पाणी तापू लागले, की मादीच्या पोटातील अंडी बलक साठवून फुगू लागतात, गाबोळी भरते, आणि पावसाला अजून अवकाश असतानाच मादी अगदी तयार होऊन बसते. पण ती अंडी टाकीत नाही. नवे पाणी येऊन तळ्याची कड पसरली, वाळलेले गवत बुडाले, भाताची खाचरे आणि तळे एक झाले, म्हणजे मग शेवटचा टप्पा काही तासांत उरकतो. आणि पाऊस आलाच नाही, तर मांडव पडावा आणि वऱ्हाडच येऊ नये तशी गत होऊन, भरलेली अंडी पोटातल्या पोटात जिरून जातात व मासा ते वर्ष सोडून देतो. शिंगी आपली बारीक, हिरवट झाक असलेली अंडी उथळ पाण्यातल्या गवतापाशी टाकते, आणि ती साधारण एका दिवसात फुटतात. मागूर अधिक गृहस्थ आहे: बुडालेल्या बांधाच्या कडेला बीळ कोरून त्यात अंडी घातली जातात व नर तेथे राखणीला राहतो. शिवडा, ज्याच्या तोंडाची फाक डोळ्यांच्याही मागे जाते आणि जो तोंडाला लागेल तो मासा गिळतो, तो पसरलेल्या पाण्यात अंडी टाकून चालता होतो. पितृधर्माची पराकाष्ठा पाहावयाची असेल तर गोडे पाणी सोडून अड्यार नदीच्या मुखाशी यावे लागते. आपल्याकडे कोकणात ज्याला शिंगाळा म्हणतात त्या समुद्री माशाचा नर गोटीएवढाली अंडी तोंडात धरून, ती फुटून पिले हिंडती होईपर्यंत अन्न वर्ज्य करून राहतो.

हे सर्व जाणणारे लोक मद्रासेत होतेच. समुद्रावर जाणारे पट्टणवर वेगळे, आणि तळी, नद्या व कालवे यांवर पोट भरणारे सेंबडवर वेगळे, ही विभागणी एडगर थर्स्टन यांनी १९०९ च्या आपल्या सात खंडांच्या जातिवर्णनात नोंदविलेली आहे. सेंबडवराचे तळ्यातले आयुध म्हणजे ‘ऊत्ता’: वेताची किंवा बांबूच्या कामट्यांची, दोन्ही टोकांना उघडी, खाली रुंद व वर अरुंद अशी बिनबुडाची टोपली. गुडघाभर गढूळ पाण्यात एकेक पाऊल टाकीत तो ती टोपली चिखलात दाबतो. आत मासा सापडला असेल तर कामट्यांवर त्याच्या धडका बसतात, त्या हाताला कळतात, आणि मग वरच्या तोंडातून हात घालून तो मासा चाचपून धरावयाचा असतो. हे चाचपणे शिंगीच्या बाबतीत धाडसाचे आहे, कारण तिच्या छातीच्या परांना जे दोन काटे असतात ते विषारी असून, एखादा बोटात शिरला तर खांद्यापर्यंत आग होते. म्हणून जाणता कोळी डोक्यामागे, दोन्ही काटे अंगाला चिकटलेले राहतील अशा बेताने चिमट्यात मासा धरतो, उलटा करतो, आणि पोटाखाली पाहतो: टोकदार उंचवटा दिसला तर नर, गोलसर उंचवट्यावर चीर दिसली तर मादी. विणीच्या हंगामात मादीचे पोट मऊ व फुगीर लागते, ते तर न पाहताही समजते. पुढे प्रयोगशाळांनी नर-मादी ओळखण्याची म्हणून जी लक्षणे छापली, ती हीच.

शास्त्रग्रंथांत या माशांची वास्तपुस्त वेगळ्या कारणाने झालेली दिसते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात देवपितृकार्याला चालणाऱ्या माशांत रोहिताबरोबर पाठीनाला मान दिलेला आहे, आणि पाठीन म्हणजे शिवडाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेला मानसोल्लास, ज्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख सापडतो म्हणून आपण त्याचे ऋणी आहोत, त्यात मत्स्यविनोद नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याचा परामर्श घेऊन आधुनिक अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले. पण राजाला रस गळात, दोरीत आणि आमिषात. मासा गळाला लागेपर्यंतच तो विनोदाचा विषय.

कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले, आणि माशांच्या विणीचा प्रश्न प्रथमच हुजूर दरबारी पोहोचला, तो मात्र एका इंजिनिअरामुळे. कावेरीच्या कोळ्ळिडम फाट्यावर आणि गोदावरीवर धवळेश्वरम येथे ज्यांनी प्रचंड बंधारे घातले, त्या सर आर्थर कॉटन यांनीच १८६७ साली अशी शंका उपस्थित केली, की या बंधाऱ्यांमुळे नदीत चढणाऱ्या माशांची वाट अडून मच्छीमारीची हानी होत असावी. आपल्याच कृतीविषयी अशी शंका लिहून कळविणारे अधिकारी कोणत्याही राजवटीत विरळा. तपासाचे काम फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टराकडे आले. ससेक्स परगण्यात १८२९ साली जन्मलेला, १८५२ पासून मद्रासच्या वैद्यकीय सेवेत असलेला हा गृहस्थ माशांच्या मागे वेडा होता. १८७१ साली तो हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर-जनरल झाला, १८७३ साली त्याने गोड्या पाण्यातील मच्छीमारीविषयीचा आपला अहवाल सादर केला, आणि पुढील काही वर्षांत ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ छापला, जो आजही टेबलावरून उचलता येत नाही.

त्या १८७३ च्या अहवालाचा मोठा भाग म्हणजे डे यांच्या प्रश्नांना कलेक्टरांनी आणि तहसीलदारांनी पाठविलेली उत्तरे. जाळ्याचा आस किती बोटांचा, पिले मारली जातात काय, सापळे कोठे लावतात, बाजारात मासळी पुरते की नाही, असे प्रश्न. आणि त्यांवर तालुक्यातालुक्यांतून आलेले जबाब. मद्रास इलाख्याच्या महसुली खात्यात तेव्हा मराठी देशस्थांचा भरणा मोठा होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर कित्येक जिल्ह्यांचे हिशेब मराठीतच लिहिले जात. तेव्हा या जबाबांपैकी काही एखाद्या शाकाहारी रावसाहेबांच्या कचेरीतून, शेरिस्तेदाराच्या हाताखालून गेले असणार, असे मानण्यास हरकत नाही. माहिती सांगणारा सेंबडवर, ती लिहून घेणारा मुनशी आणि ती वाचणारा साहेब, अशा तीन पायऱ्यांवरून ती वर चढली. आणि तळ्यातली मासळी त्या दप्तरात मुख्यतः महसुलाची बाब होती: पाणी ओसरू लागले, की मासे धरण्याचा मक्ता लिलावाने देण्यात येई, मक्तेदार उरलेसुरले पाणी उपसून तळ कोरडा करी, आणि रक्कम जमा झाली की सरकारचे काम संपे.

डे यांचा संताप खरा होता. बारीक आसाची जाळी आणि सांडव्यावर लावलेले सापळे यांनी अंड्यावर आलेले मासे व त्यांची पिले सरसकट मारली जातात, याविरुद्ध त्यांनी तळमळीने लिहिले. परंतु ज्या माशांवर त्यांची दृष्टी प्रामुख्याने होती ते चढणारे मासे होते, हिल्सा आणि महाशीर; कारण इंग्रजाला घरी सामन मासा ठाऊक, आणि मत्स्यरक्षण म्हणजे नदीतला जिना मोकळा ठेवणे, ही त्याची कल्पना तिकडूनच आलेली. तळ्यातून शेजारच्या खाचरात, म्हणजे फार तर शे-दोनशे पावलांवर जाऊन विणणारी शिंगी या कल्पनेत बसत नव्हती. डे यांना शिंगी-मागूर माहीत होते, नव्हे, अशा माशांना पृष्ठभागावर येऊ दिले नाही तर ते पाण्यातच गुदमरून मरतात हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. पण तो कुतूहलाचा विषय राहिला, बंदोबस्ताचा झाला नाही. उलट निलगिरीच्या थंड ओढ्यांत विलायती ट्राउट वाढवावा म्हणून त्यांनी स्वतः १८६० नंतरच्या दशकात अंडी आणवून खटपट केली, आणि ती फसली तरी सरकारने नाद सोडला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ट्राउटचे अंडी-उबवण केंद्र उभे राहिले. मूठभर साहेबांच्या गळाला लागावा म्हणून सहा हजार मैलांवरील माशाच्या विणीचा इतका अभ्यास, आणि कचेरीच्या मागच्या तळ्यातल्या माशाविषयी जबाबाचा एक कागद, हे प्रमाण पाहून हसावे की रडावे समजत नाही. १८९७ चा मत्स्यकायदा आला, त्याने पाण्यात विष घालणे व सुरुंग उडविणे यांस बंदी केली, आस व सापळे यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला; तळ्यांचे लिलाव पूर्ववत चालू राहिले.

यानंतर येतात सर फ्रेडरिक निकल्सन. शेतकऱ्यांच्या पतपेढ्यांविषयी १८९५ व १८९७ साली त्यांनी लिहिलेल्या अहवालातून हिंदुस्थानातील सहकारी चळवळीचा उगम झाला, हे महाराष्ट्रातील सहकारमहर्षींच्या अनुयायांनाही ठाऊक नसते. सेवानिवृत्तीनंतर, १९०५ साली, त्यांनी मद्रासच्या मत्स्यव्यवसायाची पाहणी हाती घेतली व १९०७ मध्ये स्वतंत्र खाते निघाले. निकल्सन यांचे मन समुद्राकडे होते, कारण उपासमारीवर स्वस्त अन्न म्हणून खारवलेली मासळी त्यांना हवी होती, आणि त्यात वावगे काही नव्हते. १९०९ साली मरीनाच्या वाळूवर मत्स्यालय उघडले, आणि काचेआडचे रंगीबेरंगी समुद्री मासे पाहण्यास गर्दी लोटू लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जपानी बाँबच्या भयाने ते बंद झाले.

मद्रासच्या गोड्या पाण्याकडे शांतपणे पाहणारा पहिला खरा विद्वान म्हणजे बी. सुंदरराज. त्यांचा मद्रासच्या गोड्या पाण्यातील माशांवरील निबंध १९१६ साली कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या नियतकालिकात आला. शहराच्या आसपासची डबकी, विहिरी, तळी आणि कालवे हे त्यांचे क्षेत्र होते. पुढे ते मत्स्यखात्याचे संचालक झाले. शहरातील चेटपटचा तलाव याच खात्याच्या ताब्यात होता म्हणूनच वाचला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही, कारण त्याच्या शेजारच्या नुंगमबाक्कम तलावाचे काय झाले ते, त्या तलावाच्या जागी उभे असलेले वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक पाहावयास जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली आहे.

शिंगीच्या विणीचे गूढ अखेर उकलले ते मद्रासच्या पश्चिमेला, बंगलोरात. एल. एस. रामस्वामी आणि बी. आय. सुंदरराज (मघाच्या संचालकांहून हे वेगळे) यांनी १९५६ साली ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले: पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून शिंगीला अंडी टाकावयास लावता येते. पुढील वर्षी मागुरावरही हा प्रयोग त्यांनी केला. ही ग्रंथी मेंदूच्या खालच्या बाजूला असते, टाचणीच्या डोक्याएवढी. दात्या माशाची कवटी वरून कापून, मेंदू हलकेच उचलून, ती चिमट्याने काढावयाची, मद्यार्कात साठवावयाची, वेळेवर घोटून तिचा अर्क शेपटीजवळच्या स्नायूत टोचावयाचा. त्याच वर्षी, १० जुलै १९५७ रोजी, ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी हीच युक्ती कार्प जातीच्या माशांवर यशस्वी केली, आणि तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. शिंगीच्या वाट्याला दिवस आला नाही. ती प्रयोगशाळेची झाली. सुंदरराज यांनी पुढे दिल्ली विद्यापीठात तिच्यावर आयुष्य घातले: प्रकाशाचे तास वाढविले, पाण्याची उष्णता बदलली, पीयूषिका काढून टाकून मग एकेक संप्रेरक टोचून पाहिले, आणि अंडे अखेरीस पिकून सुटण्यात अधिवृक्क जातीच्या स्टेरॉइडांचाही हात आहे, असे प्रतिपादन केले. कोळी ज्याला ‘नवे पाणी लागले’ एवढेच म्हणतो, त्याचा हा तपशील होता.

तळ्यांच्या वाट्याला मात्र या ज्ञानाचा उलटा उपयोग आला. कृत्रिम विणीने कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज मुबलक मिळू लागले, तेव्हा चेंगलपट्टूच्या तळ्यांत ते सोडण्याची योजना निघाली, आणि बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून तळ्यातले ‘अनिष्ट मासे’ मारून काढावेत, असा सल्ला पुस्तिकांतून छापला जाऊ लागला. त्या अनिष्टांच्या यादीत शिवडा अग्रभागी, पाठोपाठ मागूर-शिंगी. श्राद्धाच्या पानावरचा पाठीन सरकारी पुस्तिकेत असा गुन्हेगार ठरला. त्याच सुमारास, आजाऱ्याला बळ येते या समजुतीने शिंगी-मागुरांना बाजारात रोहूच्या कितीतरी वर भाव मिळत होता, याची वार्ता पुस्तिका लिहिणाऱ्यांना नसावी.

ती रिकामी जागा मग आफ्रिकेने भरली. झपाट्याने वाढणारा, काहीही खाणारा, एका वेळी लाखांत अंडी घालणारा आफ्रिकी मागूर १९९० नंतर बांगलादेशामार्गे चोरवाटेने देशात आला. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाला पुन्हा आदेश काढावा लागला, आणि आपल्या महाराष्ट्रातही ‘थाई मांगूर’ म्हणून त्याची तळी नष्ट करण्याच्या मोहिमा झाल्या. तरीही मासळीबाजारात देशी मागूर म्हणून पुष्कळदा तोच विकला जातो.

देशी जातींची पैदास करू पाहणाऱ्यांपुढची अडचण जुनीच आहे. कार्पच्या नराचे पोट दाबले की शुक्ररस मिळतो. मागुराचा आणि शिंगीचा नर तसा देत नाही, म्हणून बंदिस्त पैदाशीत त्याला मारून, वृषण काढून, ठेचून तो रस अंड्यांवर घालावा लागतो. याचा अर्थ, उत्तम नर नेमका एकदाच उपयोगी पडतो, आणि पुढच्या हंगामासाठी दुसरे आणावे लागतात, बहुधा जंगली पाण्यातून. मद्रासमध्ये मुख्यालय असलेल्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने आपल्या बंगालमधील काकद्वीप केंद्रात ‘नोना टेंगरा’ या केळुत्तीच्या जातीचे बीज घरगुती टाक्यांत काढण्याची पद्धत बसविली आहे, आणि तो मार्ग आश्वासक दिसतो. इकडे चेटपटच्या तलावाभोवती २०१६ साली उद्यान झाले, नौका आल्या, गळ टाकण्यासाठी तिकीट लावून जागा ठरली. चेंगलपट्टू जिल्ह्यातल्या तळ्यांचा लिलाव आजही होतो, मक्ता अजून पैसे देऊन मासे नेण्याचाच आहे, आणि त्याच्या शर्तींत, सांडव्यावरून पहिले पाणी जाऊ लागते त्या चार दिवसांत मोरीच्या तोंडाशी सापळा लावू नये, एवढे एक कलम घालण्यास सरकारला एक पैसाही खर्च येणार नाही.